‘चोचले’ या शब्दाविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या आणि घरांच्या वेगळ्या घडणीवर मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं. इंदूरच्या माणिकबाग राजवाड्यातली दिव्यांची खुर्ची, फिलिप स्टार्क या फ्रेंच डिझायनरचं तीन पायांचं लिंबू पिळायचं यंत्र, इथल्याच लालबाग राजवाड्याचं नदीपलीकडचं स्वयंपाकघर, आपला फिरकीचा तांब्या आणि शेवटी इंदूरचीच अरण्य वसाहत, असा तो लेख होता. त्यावर एका वाचकांनी नाव न देता प्रतिक्रिया लिहिली आहे. ती इथे जशीच्या तशी देते:

“मॅडम, लेख वाचला. दिवे लावलेली खुर्ची, कोळ्यासारखं यंत्र, नदीपलीकडचा मुदपाकखाना हे सगळे श्रीमंतांचे चोचले, याला डिझाइन म्हणत नाहीत. त्या खुर्चीत बसून तरी पाहिलंत का कधी? माणिकबाग १९३०ची नाही. अरण्यमध्ये लोकांनी घरं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, मूळची किती कुटुंबं तिथे उरली, हे तुम्ही विचारलंत का? फोटो वाकडे आहेत आणि मराठी हिंदाळलेली. जरा अभ्यास करून लिहीत जा.”

आधी तारखेचं. आपलं बरोबर आहे. माणिकबागेचं काम १९३०मध्ये सुरू झालं आणि १९३३पर्यंत चाललं. ‘१९३०चा राजवाडा’ असं लिहिणं ही माझी चूक, आणि ती मी लेखात सुधारली आहे. लिंबाच्या यंत्राबद्दलही थोडं मान्य करते. स्टार्कनं ते १९९०मध्ये आलेस्सी या इटालियन कंपनीसाठी केलं. दिसायला ते सुरेख आहे, पण त्याला गाळणी नाही, त्यामुळे बिया सरळ ग्लासात उतरतात. त्याला ‘रोजच्या वापराचं’ म्हणायला नको होतं. चूक दाखवली की मी मानते, हे आपल्याला दिसावं म्हणून हे आधी लिहिलं.

आता ‘जरा अभ्यास करून लिहीत जा’. मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. हजारो वह्या तपासल्या. कुणाचा माठ वाकडा यायचा, कुणाच्या घराला सावलीच नसायची. पण एकाही मुलाला वर्गासमोर उभं करून ‘अभ्यास कर, मग ये’ असं मी कधी म्हटलं नाही. सबंध लेखात आपल्याला एक तारीख चुकलेली सापडली. तेवढ्यावरून लिहिणाऱ्या बाईनं अभ्यासच केलेला नाही असं ठरवायचं, आणि तेही स्वतःचं नाव न लिहिता, हे मला पटत नाही. हीच तारीख आपण ‘ताई, १९३० नव्हे, १९३३ पाहा’ अशा दोन शब्दांत सांगितली असती तर मी आभार मानले असते. हिंदाळलेल्या मराठीबद्दल एवढंच सांगते की आमची पाचवी पिढी इंदुरात आहे. घरात, देवघरात आणि भांडणातही आम्ही मराठीच बोलतो. या गावात ती टिकवायला काय करावं लागतं, हे बाहेरून कळायचं नाही.

पण खरं बोलायचं आहे ते आपल्या पहिल्या वाक्यावर. ‘हे सगळे श्रीमंतांचे चोचले, याला डिझाइन म्हणत नाहीत.’ बाकी सगळं मी सोडून दिलं असतं, हे सोडता येत नाही.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी ज्या शाळेत होते तिथे मुलं चित्रकलेच्या तासाला जमिनीवर बसत, वही गुडघ्यावर ठेवत आणि पाठीत वाकून रेघा काढत. मी सुताराकडून प्लायवूडची एक तिरपी घडवंची करून घेतली. मांडी घालून बसलं की ती मांडीवर यायची, बिजागरी असल्यामुळे घडी व्हायची आणि अशा चाळीस एका कपाटात मावल्या असत्या. नमुना माझ्या पगारातून केला होता. वरिष्ठांनी तो हातात घेऊनही पाहिला नाही. म्हणाले, “बाई, असले चोचले इथे नकोत.” ती घडवंची माझ्याकडे अजून आहे आणि माझी नात त्यावर चित्रं काढते. म्हणून हा शब्द कुणी सहज वापरला की मला तो सहज वाटत नाही. समोरची वस्तू नीट न पाहता ती बाजूला सारायची असली की माणसं हा शब्द काढतात, असा माझा अनुभव आहे. तुम्हीही तेच केलंत.

आता खुर्चीकडे येते. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी माणिकबागेचं काम एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराला दिलं तेव्हा मुथेसियस पंचविशीत होता आणि महाराज एकवीस-बावीस वर्षांचे. दारं, खिडक्या, धातूचे भाग असं बरंच सामान जर्मनीत तयार होऊन जहाजानं आलं. आत एअर कंडिशनिंग होतं, ब्रुन्स या फ्रेंच डिझायनरचे गालिचे होते, रूलमान या फ्रेंच डिझायनरचं लिहायचं टेबल होतं. आणि ग्रंथालयासाठी मुथेसियसनं लाल खुर्च्या केल्या, ज्यांच्या पाठीतच दिवे बसवलेले होते. फोटोत पाहिलं की त्या विचित्र दिसतात, हे खरं. पण पुस्तक घेऊन बसलेला माणूस त्यात कल्पून पाहा. उजेड खांद्यावरून पानावर पडतो, डोळ्यांत येत नाही, शेजारी टेबल नको की उभा दिवा नको. खुर्ची हलवली की उजेडही सोबत हलतो. वाचणाऱ्या माणसाच्या मागे उभं राहून केलेली ती रचना आहे. पैसा राजाचा होता, नाकारतंय कोण? पण वस्तू कुणाच्या पैशानं झाली ही एक गोष्ट आणि ती तशीच का झाली ही दुसरी. मी दुसरीवर लिहिलं होतं. तुम्ही पहिलीवरच थांबलात.

‘बसून तरी पाहिलंत का?’ असं विचारलंत. त्या खुर्चीत आज इंदूरमधलं कुणीच बसू शकत नाही. माणिकबागेतलं बहुतेक सामान १९८०मध्ये मोनॅकोत सॉदबीज या लिलाव कंपनीच्या लिलावात गेलं. २०१९मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात त्याचं मोठं प्रदर्शन भरलं, आणि इथे इमारतीत सरकारी कर खात्याचं कार्यालय आहे. पण तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते मी मूळ लेखात घरची गोष्ट म्हणून लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

माझे आजोबा सुतारांचे मुकादम होते. माणिकबागेचं सामान उतरवून जागेवर बसवण्याच्या कामावर ठेकेदारानं त्यांना घेतलं होतं. खोकी उघडायची, भुसा झाडायचा, एकेक भाग मोजून मांडायचा, हे त्यांचं काम. ते म्हणत, पेचाच्या आट्या इतक्या बारीक की आमच्या गड्यांना पेचकस धरायलाच नव्यानं शिकावं लागलं. ती लाल खुर्ची त्यांनी खोक्यातून निघताना पाहिली. जोडून झाल्यावर कुणी दिवा लावून दाखवला, तेव्हा सगळे गडी गप्प झाले, असं ते शेवटपर्यंत सांगत. सामान संपल्यावर रिकाम्या खोक्यांच्या देवदारी फळ्या कामगारांना घ्यायची परवानगी होती. आजोबांनी हातगाडीभर फळ्या रामबागेत आणल्या आणि आजीसाठी खुर्ची केली.

आजीला रात्री पोथी वाचायची सवय होती. वीज आमच्या गल्लीत नव्हती. कंदील जमिनीवर ठेवला की उजेड खालून यायचा आणि अक्षरं दिसायची नाहीत, हातात धरला तर पान उलटता यायचं नाही. आजोबांनी खुर्चीच्या पाठीचा उजवा खांब वीतभर उंच ठेवला, त्याला लोखंडी आकडा ठोकला आणि कंदील तिथे टांगला. कानाला धग लागू नये, डोळ्यांत झळ येऊ नये म्हणून मध्ये रॉकेलच्या डब्याचा पत्रा वाकवून बसवला. डावा हात नेहमीपेक्षा रुंद, त्यावर पोथीची सुटी पानं ठेवायची. आजी ठेंगणी, म्हणून बैठक जमिनीपासून तेराच इंच. गल्लीतली माणसं ती खुर्ची बघायला येत आणि हसत, कारण एक खांब उंच, एक हात रुंद, पाय आखूड. विचित्रच दिसायची. पण आजी त्या खुर्चीत बसून चाळीस वर्षं वाचत होती. वीज आल्यावर वडिलांनी त्याच आकड्याच्या जागी होल्डर बसवला. त्या खुर्चीत मी बसले आहे, शाळेचे पेपर तपासले आहेत. खांद्यावरून येणारा उजेड काय असतो ते मला फोटो बघून शिकावं लागलेलं नाही.

राजवाड्यात निघालेली कल्पना दोन-तीन मैलांवरच्या मुकादमाच्या घरात रॉकेलच्या पत्र्यासकट उतरली. याला तुम्ही काय म्हणणार? आजीचेही चोचलेच का?

आणि ‘विचित्र’ म्हणजे श्रीमंती, हे तरी कुठून आलं? आपल्या विळीकडे पाहा. पातं उभं आणि धार आपल्याकडे, टोकाला नारळ खवायची खवणी. जगात बहुतेक ठिकाणी सुरी हलते आणि भाजी स्थिर असते. आपल्याकडे पातं स्थिर, भाजी हलते. पाटावर पाय ठेवून बसलं की बाईच्या वजनानंच विळी जमिनीला धरून राहते आणि दोन्ही हात भाजीला मोकळे मिळतात. परक्या माणसाला दाखवा, तो घाबरेल. फिरकीचा तांब्याही तसाच, प्रवासात पाणी सांडू नये म्हणून झाकणाला आटे पाडलेले. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते पाहा, एकासारखा दुसरा नाही. सुपारी फोडायला दोन दांडे पुरले असते, तरी कारागिरांनी त्यांना निरनिराळी रूपं दिली. या वस्तू सामान्यांच्या घरातल्याच होत्या.

अरण्यबद्दल. वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी आखलेली ती वसाहत, सुमारे ८५ हेक्टर आणि ६,५०० घरं, १९८९च्या सुमारास उभी राहिली. १९९५मध्ये तिला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला आणि दोशींना २०१८मध्ये प्रिट्झकर हा वास्तुकलेतला मोठा पुरस्कार. गरिबातल्या गरिबाला ३५ चौरस मीटरचा तुकडा, जोतं, संडास-न्हाणी आणि एक खोली दिली, पुढचं घर त्यानं पैसे येतील तसं वाढवायचं होतं. नमुन्यादाखल ८० घरं बांधून दाखवली. ओटा, बाहेरचा जिना, गच्ची हे तुकडे लोकांनी हवे तसे जोडावेत हीच कल्पना. तेव्हा लोकांनी घरं बदलली याला तुम्ही दोष म्हणता, तर मी म्हणते ती रचना चालल्याची खूण आहे. एका घरी मी गेले होते. ओट्यावर शिलाई मशीन, जिन्याखाली स्टीलच्या टाकीची जागा आणि वर मुलाचा संसार असं त्या बाईंनी स्वतः वाढवलेलं घर होतं. मूळची कुटुंबं किती उरली, हा खरेदी-विक्रीचा प्रश्न आहे. माझा लेख घडणीविषयी होता, त्यात तो येत नाही.

लालबागच्या स्वयंपाकघरालाही तुम्ही एका शब्दात उडवलंत. नदीच्या पलीकडच्या काठावर रांधायचं आणि जमिनीखालच्या वाटेनं जेवण वाड्यात आणायचं. चुलीचा धूर, वास आणि आगीची भीती राहत्या खोल्यांपासून नदीपार ठेवली, यात मला विचार दिसतो. गावातल्या जुन्या होळकर राजवाड्याचे वरचे चार मजले लाकडाचे होते आणि १९८४च्या आगीत त्यांचं काय झालं, हे आमच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं आहे.

फोटो वाकडे आहेत. फोन माझा जुना आहे आणि हात थरथरतो. यावर आणखी लिहीत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, लेखाखाली ती तशीच राहील. पुढे लिहिलंत तर नाव लिहा. आजोबांच्या खुर्चीची मापं काल टेपनं पुन्हा घेतली, ती लेखाच्या शेवटी जोडली आहेत: बैठक जमिनीपासून १३ इंच, उजवा खांब ४१ इंच, डावा ३२, डाव्या हाताची रुंदी साडेसात इंच. आकडा मूळचाच आहे. पत्रा मात्र १९७१मध्ये गंजून गेला, तेव्हा वडिलांनी नवा बसवला.