गोऱ्या लेखकाचे नवाहो पोलीस : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. टोनी हिलरमन या अमेरिकन रहस्यकादंबरीकारावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि कडक प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एका गोऱ्या माणसाने नवाहो या अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांचे विधी, त्यांची भीती, त्यांचं वाळवंट उचललं, त्यावर अठरा रहस्यकादंबऱ्या बेतल्या, नाव आणि पैसा कमावला, आणि मी त्याचं कौतुक करत सुटलो. शिवाय याच गोष्टी न्यूयॉर्कमध्ये घडवल्या असत्या तरी काही बिघडलं नसतं, वाळवंट नुसतं पडद्यासारखं मागे टांगलंय, असंही तुम्ही म्हणता. दलितांचं जगणं कोणी लिहायचं, या मराठीतल्या जुन्या वादाची आठवणही तुम्ही करून दिलीत.

पडद्याच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो मला साफ अमान्य आहे.

१९८४ची 'द घोस्टवे' घ्या. एका वृद्ध नवाहोचं होगान, म्हणजे पूर्वेला दार असलेलं लाकूड-मातीचं पारंपरिक घर, ओस पडलंय. उत्तरेकडची भिंत फोडून भगदाड पाडलंय. जिम ची हा तरुण नवाहो पोलीस ते बघतो आणि आत कोणीतरी मेलंय हे त्याला लगेच उमगतं. नवाहो समजुतीनुसार माणूस गेला की त्याच्यातलं जे काही वाईट असतं ते मागे राहतं, म्हणून ज्या घरात मरण झालं ते घर कायमचं टाकायचं, आणि प्रेत दारातून न नेता उत्तरेच्या भगदाडातून बाहेर काढायचं. पुढे प्रेतही सापडतं, रीतीप्रमाणे तयार केलेलं. फक्त केस धुतलेले नाहीत. युका या वाळवंटी झाडाच्या मुळांचा फेस काढून मृताचे केस धुवायचे असतात, आणि ज्या म्हाताऱ्याने बाकी सगळं नीट केलं तो नेमकं हेच विसरेल, हे जिमला पटत नाही. त्याहून मोठा प्रश्न असा की इतका जुन्या वळणाचा माणूस मरायला टेकलेल्या नातलगाला वेळेवर उघड्यावर हलवायचं सोडून आतच मरू देईल आणि स्वतःचं घर घालवून बसेल, हे कसं?

एफबीआयच्या माणसांना यातलं काहीच दिसत नाही. एक हवा असलेला गुन्हेगार मेला, म्हातारा घर सोडून गेला, एवढंच. जिम मात्र त्या न धुतलेल्या केसांपाशी अडतो, आणि पुढची सगळी कादंबरी तिथूनच उलगडते. आता हे न्यूयॉर्कमध्ये कसं घडवणार? तिथे तो पुरावाच उरत नाही, आणि पुरावा गेला की रहस्यही गेलं. हिलरमन यांच्या चांगल्या कादंबऱ्यांत नवाहो रीतिरिवाज सजावटीला आलेले नाहीत. ते ज्याला ठाऊक आहेत त्यालाच गुन्हा सुटतो, आणि माझ्या लेखात मला नेमकं हेच सांगायचं होतं.

एक कायद्याची बाजूही आहे, जी तुमच्या प्रतिक्रियेत आली नाही. अमेरिकी काँग्रेसने १८८५ साली कायदा करून मूलनिवासींच्या राखीव भूमीवरचे खुनासारखे मोठे गुन्हे संघराज्याच्या अखत्यारीत नेले. म्हणून आपल्याच माणसाचा खून झाला तरी अधिकृत तपास एफबीआयचा, आणि नवाहो पोलिसाने मदतनीस म्हणून मागे उभं राहायचं. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा मिळून सुमारे ७१,००० चौरस किलोमीटरचा मुलूख, त्यात मैलोगणिक कच्चे रस्ते, हाताशी मोजके पोलीस. जो लीपहॉर्न हा या मालिकेतला दुसरा, वयाने मोठा नवाहो पोलीस. त्याच्या कचेरीतल्या भिंतीवर या मुलखाचा मोठा नकाशा आहे, आणि प्रत्येक घटनेसाठी तो त्यात टाचण्या टोचत जातो. ज्याला अधिकार आहे त्याला समजत नाही, आणि ज्याला समजतं त्याच्या हाती अधिकार नाही. ही ठसठस जवळजवळ प्रत्येक पुस्तकात आहे. हिलरमन यांनी त्यावर भाषण कुठेच ठोकलेलं नाही, पण वाचणाऱ्याला ती चुकवता येत नाही.

आता 'उचललं' या आरोपाकडे येतो. हिलरमन यांचा जन्म १९२५ सालचा, ओक्लाहोमातल्या सेक्रेड हार्ट नावाच्या खेड्यातला. घरची गरिबी. मूलनिवासी मुलींसाठी नन्सनी चालवलेल्या निवासी शाळेत आसपासच्या शेतकऱ्यांच्या काही मुलांनाही बसू देत, त्यांतले ते एक. शेजारपाजारही पोटावाटोमी आणि सेमिनोल या मूलनिवासी जमातींच्या कुटुंबांचा. लहानपणी आपल्याला 'आम्ही' आणि 'ते' अशी फूट जाणवली ती गोरे आणि इंडियन, म्हणजे मूलनिवासी, यांच्यात नव्हे, तर खेड्यातली पोरं आणि शहरातली पोरं यांच्यात, असं ते सांगत. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये सुरुंगावर पाय पडून ते जबर जखमी झाले, काही काळ दिसेनासंही झालं. १९४५ साली बरे होत असताना तेलविहिरीचं सामान ट्रकने न्यू मेक्सिकोत पोहोचवायचं काम त्यांनी घेतलं. त्या वाटेवर क्राउनपॉइंटजवळ, लढाईवरून परतलेल्या नवाहो सैनिकांसाठी चाललेला विधी त्यांच्या नजरेस पडला. रक्तपात पाहून आलेल्या माणसाला पुन्हा आपल्यात, पुन्हा समतोलात आणायचा तो विधी. बघणारा स्वतः तसाच घायाळ होऊन घरी परतलेला विशीतला मुलगा होता. हे मी त्यांची बाजू उजळ करायला लिहीत नाही. सहलीला आलेल्या पाहुण्याची नजर ही नव्हे, एवढंच मला म्हणायचं आहे.

आणि त्यांनी घाईही केली नाही. त्यानंतर पत्रकारिता, मग सांता फेच्या दैनिकाचं संपादकपद, मग अल्बुकर्कीच्या विद्यापीठात पत्रकारिता शिकवणं. पहिली कादंबरी 'द ब्लेसिंग वे' १९७० साली आली तेव्हा वय पंचेचाळिशीच्या घरात. हस्तलिखित वाचून त्यांच्या एजंटने सल्ला दिला होता की त्यातलं इंडियन प्रकरण काढून टाका. नवाहो जग हा तेव्हा हमखास खपणारा माल असता, तर हा सल्ला कोणी दिला नसता. त्यांनी तो मानला नाही. १९७४ साली 'डान्स हॉल ऑफ द डेड'ला रहस्यकथांसाठीचा एडगर पुरस्कार मिळाला, पण वाचकांची खरी गर्दी झाली ती १९८६च्या 'स्किनवॉकर्स'पासून, म्हणजे पहिल्या कादंबरीनंतर सोळा वर्षांनी.

तुमचं जिथे बरोबर आहे तेही सांगतो. पहिल्या कादंबरीत मध्यभागी आहे तो एक गोरा मानववंशशास्त्रज्ञ, लीपहॉर्न बाजूला उभा. त्या पुस्तकात आपल्याकडून चुका राहिल्या हे हिलरमन स्वतःच म्हणत. दुसरं, चेटूक आणि रूप पालटणारे चेटके हा विषय नवाहो लोक चारचौघांत काढत नाहीत. हिलरमन यांनी तो कथानकाच्या मध्यावर आणला, पुस्तकाच्या नावातही आणला ('स्किनवॉकर्स' म्हणजे असे चेटकेच). ज्या नवाहो वाचकांना हे खटकलं त्यांच्याशी वाद घालायचा मला काही अधिकार नाही. कथेच्या बाजूने एवढंच म्हणेन, की लीपहॉर्नचा चेटकावर काडीचा विश्वास नाही, पण त्यावरच्या लोकांच्या विश्वासापायी खून पडतात हे तो जाणून आहे. तरुणपणी अशी कुजबुज त्याने हसण्यावारी नेली होती आणि माणसं मेली होती. त्या भीतीची चेष्टा या पुस्तकांत कुठेही नाही.

दलित साहित्याची तुलना मला निम्मी पटते. साक्ष ज्याने सोसलं त्यानेच द्यायची असते, तिथे बाहेरच्याने गप्प बसून ऐकावं, हे मला पूर्ण मान्य. पण हिलरमन यांनी कोणाची साक्ष स्वतःच्या नावावर लावली नाही. आपण नवाहो नाही, त्यांच्याबद्दलचे तज्ज्ञही नाही, हे ते उघड बोलत. १९८७ साली नवाहो राष्ट्राने 'दिने लोकांचे खास मित्र' म्हणून त्यांचा गौरव केला; दिने हे नवाहोंचं स्वतःसाठीचं नाव. त्याने सगळ्यांच्या वतीने परवाना मिळतो असं नाही, पण त्याला कवडीमोल ठरवायचा हक्क तुम्हाआम्हाला कुठून आला? तुमचा राग प्रकाशकांवर असता तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो. कायोवा या मूलनिवासी जमातीचे लेखक एन. स्कॉट मोमाडे यांना १९६९ साली पुलित्झर मिळालं, तरी पुढची कित्येक दशकं या मुलखातल्या गोष्टी म्हटलं की विमानतळावरच्या दुकानांत हिलरमनच मांडलेले असत. तो दोष खरा आहे, मोठा आहे, आणि तो एका लेखकाच्या माथी मारून भागणार नाही.

हिलरमन २००८ साली गेले. त्यांची मुलगी ॲन हिने २०१३पासून मालिका पुढे नेली, आणि बर्नाडेट मॅन्युएलिटो या नवाहो पोलीस तरुणीला तिने मध्यभागी आणलं. २०२२ साली 'डार्क विंड्स' ही हिलरमन यांच्या कादंबऱ्यांवरची टीव्ही मालिका आली, तिचे लेखक, मुख्य नट बहुतेक मूलनिवासी. तरीही त्यातल्या नवाहो उच्चारांवर नवाहो प्रेक्षकांनी बोट ठेवलंच, कारण मूलनिवासी म्हणजे नवाहो नव्हे. तुमच्या आक्षेपाचं हे पुढचं टोक आहे आणि ते मला रास्त वाटतं.

तुम्हाला हवं आहे तसं पुस्तकही आता आलंय. रमोना इमर्सन या दिने लेखिकेची 'शटर' ही कादंबरी २०२२ साली प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या लांब यादीत पोहोचली. नायिका अल्बुकर्की पोलिसांसाठी गुन्ह्याच्या जागेचे फोटो काढते, आणि तिला मेलेली माणसं दिसतात. ज्या समाजात मृताचं नाव घेणंही टाळतात, त्यातल्या मुलीच्या वाट्याला हे यावं! ती आणि 'द घोस्टवे' लागोपाठ वाचा आणि मग लिहा. तुमचं मत बदललं नाही तरी तुमची प्रतिक्रिया मी इथे वर, ठळकपणे लावीन.