एक स्टार राहू दे, पण मॅडम आधी त्या ज्युनिअरचं बोट डॉक्टरांना दाखवा

मॅडम नमस्कार, केमिकलचं दुकान माझंच आहे म्हणून उत्तर मीच लिहितोय. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुमचं म्हणणं असं की आमच्याकडून घेतलेली बीएमआयएम पीएफ सिक्सची (हे आयोनिक लिक्विड, म्हणजे साध्या तापमानाला पातळ राहणारं मीठ, सॉल्व्हंट म्हणून वापरतात ते) २५ ग्रॅमची बाटली भेसळीची निघाली, तिसऱ्यांदा रिसायकल करून वापरताना नाकाला झोंबणारा वास आला, नवाकोरा आरबी फ्लास्क (गोल तळाचा काचेचा) आतून दुधाळ झाला, यील्ड, म्हणजे हाती येणारा माल, कमी पडलं, आणि फोनवर आमच्या माणसाने "ग्रीन सॉल्व्हंट आहे मॅडम, काही होत नाही" असं सांगितलं होतं. आणि अगदी शेवटी एक ओळ, की फ्लास्क धुणाऱ्या ज्युनिअरच्या बोटांची रात्री आग होत होती, पण ते जाऊ दे.

ते जाऊ द्यायचं नाहीये. पैशांचं, स्टारचं नंतर बघू. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला जवळजवळ खात्री आहे की त्या फ्लास्कमध्ये एचएफ तयार झालं होतं, हायड्रोफ्लोरिक ॲसिड. ते पातळ असेल तर सल्फ्युरिकसारखं लागल्या लागल्या चटका देत नाही, हाताला लागलेलं कळतसुद्धा नाही, माणूस हात धुतो, डबा खातो, घरी जातो आणि मग कित्येक तासांनी, कधी कधी दुसऱ्या दिवशी, नखाखाली ठणका सुरू होतो. कारण ते कातडीवर थांबत नाही, आत उतरतं आणि आतलं कॅल्शियम धरून बसतं, हाडापर्यंत जाऊ शकतं. म्हणून ज्युनिअरच्या बोटात अजून दुखत असेल, नखाच्या कडेला पांढरट किंवा करडं दिसत असेल, तर आजच हॉस्पिटलला न्या आणि तिथे "ॲसिड लागलं" एवढंच नका सांगू, "एचएफ असण्याची शक्यता आहे" असं स्पष्ट शब्दांत सांगा, उपचारच वेगळा आहे. आणि तोपर्यंत बधिर करणारं मलम लावू नका, कारण दुखणं थांबलं की नाही यावरूनच डॉक्टरांना कळतं की औषध पोचलंय का.

आता मालाचं. तुमचे दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. फ्लास्कचा तळ दुधाळ झालाय, पण द्रवाची पातळी जिथे होती तिच्यावरही बोटभर काच धुरकट झालीय, आणि आतला मॅग्नेटिक बीड (ढवळायचा चुंबकाचा तुकडा) मात्र आहे तसा गुळगुळीत पांढरा. बीडवर टेफ्लॉनचं आवरण, त्याला एचएफ काही करत नाही, काचेतलं सिलिका मात्र ते खातं. आणि द्रवाच्या वरची काच गेली म्हणजे ते वाफेच्या रूपात वर आलं, एचएफ १९.५ डिग्रीलाच उकळतं, नाकाला झोंबलं ते तेच.

तुमच्या लॉटची एक सीलबंद बाटली कपाटात शिल्लक होती, ती आज सकाळी फोडली. प्लॅस्टिकच्या ट्यूबमध्ये २ मिली ते आणि २ मिली डिस्टिल्ड वॉटर घेऊन हलवलं, ठेवून दिलं. पाण्यात मिसळत नाही आणि घनता १.३७ च्या आसपास, त्यामुळे तळाशी जाऊन बसलं, वरच्या पाण्यात पीएच पट्टी बुडवली तर पिवळट हिरवीच राहिली, लाल नाही झाली. म्हणजे बाटलीतून ॲसिड गेलेलं नाही, ते तुमच्या फ्लास्कमध्ये तयार झालंय. हे मी तुमच्यावर ढकलण्यासाठी नाही लिहीत, कारण उद्या तुम्ही दुसऱ्याकडून, कितीही महागाच्या कंपनीची बाटली आणून हेच केलंत तरी हेच होणार आहे, आणि ते होऊ नये एवढंच मला वाटतंय.

तुम्ही लिहिलंय की एस्टरिफिकेशन (ॲसिड आणि अल्कोहोल जोडून एस्टर बनवणं) करत होता, थोडं सल्फ्युरिक घालून, ११० डिग्रीला, रात्रभर. पीएफ सिक्स म्हणजे फॉस्फरसभोवती सहा फ्लोरिन. साध्या तापमानाला, कोरडं असेल तर ते शांत असतं, पण पाणी, ॲसिड आणि उष्णता ही तीन एकत्र आली की त्यातले फ्लोरिन सुटायला लागतात आणि एचएफ होतं. एस्टर बनताना पाणी तर सुटतंच, सल्फ्युरिक तुम्ही घातलेलं, आणि खाली हॉट प्लेट. शिवाय हे पाण्यात मिसळत नाही म्हणून लोकांना वाटतं की पाणी शोषणार नाही, तसं नाहीये, हवेतून थोडं पाणी ओढतंच. दर रिसायकलला धुतल्यावर व्हॅक्यूमवर नीट सुकवलं नाही तर मागचं पाणी आणि मागचं ॲसिड पुढच्या बॅचमध्ये जातं, म्हणून पहिल्या दोन वेळा काही दिसलं नाही आणि तिसऱ्यांदा काच गेली. आणि यील्ड पडलं त्याचं कारणही बहुतेक हेच, तुमचं सॉल्व्हंटच तुटत होतं.

हे काही नवीन नाही. २००३ मध्येच रॉजर्स या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलं होतं की हेच बीएमआयएम पीएफ सिक्स हायड्रोलिसिस होऊन, म्हणजे पाण्याने तुटून, एचएफ देतं, आयोनिक लिक्विड म्हटलं की ग्रीन असं नसतं. पण तोवर नाव झालं होतं. त्याआधीची ॲल्युमिनियम क्लोराइडवाली आयोनिक लिक्विड्स दमट हवा लागली की बिघडायची, मग १९९२ मध्ये विल्क्स आणि झावोरोत्को या संशोधकांनी हवेत, पाण्यात टिकणारी काढली, त्यामागोमाग पीएफ सिक्सवाली आली, आणि "पाण्यात टिकतं" हे लेबल सगळ्यांनाच चिकटलं. वाफ होत नाही म्हणून ग्रीन, वास नाही म्हणून सेफ. वाफ होत नाही याचा अर्थ एवढाच की इथरसारखं हवेत उडून नाकात जात नाही आणि सहज पेट घेत नाही. कातडीतून जाणार नाही, पोटात गेलं तर विष नाही, असा अर्थ त्यातून कसा निघतो? याचंच भाऊबंद बीएमआयएम क्लोराइड गिळलं तर विषारी या वर्गात मोडतं. आणि रेणूची कार्बनची शेपटी लांब झाली, चार कार्बनच्या ब्युटिलचं आठ कार्बनचं ऑक्टिल झालं, की पाण्यातल्या जिवांना अजून घातक, २०१८ मध्ये इंग्लंडच्या ईशान्येला कचरा डेपोजवळच्या मातीत ऑक्टिलवालं इमिडाझोलियम (बीएमआयएमच्याच घराण्यातलं) सापडल्याचं प्रसिद्ध झालंय आणि लिव्हरच्या पेशींवर त्याचा परिणामही दाखवलाय. म्हणून कृपा करून उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका.

आता चूक कुठे झाली ते. आमच्या प्राइस लिस्टमध्ये या आयटमपुढे "ग्रीन, नॉन-टॉक्सिक" असं लिहिलेलं होतं, सप्लायरच्या पत्रकातून जसंच्या तसं उतरवलेलं. ते मी वाचून कापायला हवं होतं, पंचवीस वर्षं या धंद्यात आहे, मला कळायला हवं होतं. फोनवरचा मुलगा तेच वाचून बोलला, त्याचा दोष नाही, माझा आहे. एसडीएस, म्हणजे केमिकलच्या धोक्यांची माहितीपत्रिका, आम्ही पाठवतो पण बिलाबरोबर लिंक म्हणून, आठ-दहा पानं इंग्रजीत, ती कोण उघडतं? आज ती ओळ लिस्टमधून काढली. पीएफ सिक्स आणि बीएफ फोर (हेही फ्लोरिनवालंच आयोनिक लिक्विड), दोन्हीच्या बाटल्यांबरोबर आता अर्धं पान मराठीत जाईल, आणि पहिलं वाक्य हेच असेल की पाणी, ॲसिड, उष्णता एकत्र आणू नका, काचेत तापवत ठेवू नका.

तुमच्याकडे जे उरलंय त्याचं असं करा. तो फ्लास्क परत वापरू नका, कितीही धुतला तरी. वापरलेलं मटेरियल काचेच्या बंद बाटलीत ठेवलं असेल तर सरांना सांगून, फ्यूम हूडमध्ये (वाफ बाहेर खेचणाऱ्या कपाटात), प्लॅस्टिकच्या जाड बाटलीत घ्या, लेबलवर "एचएफ असू शकतं" असं मोठ्या अक्षरात लिहा आणि कॉलेजच्या केमिकल वेस्टमध्ये द्या. हातात साधे पातळ निळे नायट्राइल ग्लव्ज घालून हे करू नका, एचएफला ते पुरत नाहीत, जाड निओप्रीनचे घ्या, आत हवं तर नायट्राइल घाला, आणि गॉगल. थेंब सांडला तर कॅल्शियम कार्बोनेट टाका.

आणि तुमचं काम ॲसिड घालूनच करायचं असेल तर पीएफ सिक्स नकोच, एनटीएफ टू वालं (दुसऱ्या प्रकारचं आयोनिक लिक्विड) घ्या, ते पाण्यापुढे खूपच टिकतं. महाग आहे, खोटं सांगत नाही. माझ्याकडून घ्या असंही नाही, कुठूनही घ्या.

बाटलीचे पैसे आज परत करतोय. माल खराब होता म्हणून नाही, आम्ही चुकीचं सांगून विकला म्हणून. रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही, तो राहू दे, त्याच्याखाली हे उत्तरही राहील, पुढचा कोणी बीएमआयएम शोधत आला तर दोन्ही वाचेल.

एक अजून. तुमच्या लॅबच्या फर्स्ट एड बॉक्समध्ये कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आहे का बघा, २.५ टक्क्यांचं, आणि असलं तर तारीख बघा. एचएफ लागलं की लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, मग जेल चोळत राहायचं, चोळतच हॉस्पिटलला जायचं. साध्या मेडिकलवाल्याकडे ते बहुतेक वेळा मिळत नाही. माझ्याकडे दोन ट्यूब आहेत, एक तुमच्या लॅबसाठी बाजूला काढून ठेवलीय, पैसे नकोत. रविवारी दुकान बंद असतं पण मी मागच्याच गल्लीत राहतो, बिलावरच्या नंबरवर फोन करा, येऊन शटर उघडतो. आणि ज्युनिअरचं बोट कसं आहे ते प्लीज कळवा.