वर केलं की बंद

रात्री अंथरुणातून न उठता ट्यूबलाइट बंद करायची, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. त्यासाठी बाजारात रिमोट मिळतो, हे घरातल्या सगळ्यांनी मला वेगवेगळ्या पट्टीत सांगून झालंय. पण रिमोटमध्ये गोटी घरंगळत नाही.

साधं काम एकातून एक अशा लांबलचक साखळीनं करायचं, या उपद्व्यापाचा मूळपुरुष रूब गोल्डबर्ग. १९०४ साली इंजिनिअर झाला, सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणी-गटार खात्यात चिकटला आणि लवकरच ते सोडून वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढू लागला. त्याच्या १९३१च्या एका चित्रात सूप पिणाऱ्याचा चमचा वर जातो, दोरी ओढली जाते, बिस्किट उडतं, त्यामागे पोपट झेपावतो, आणि असं होत होत शेवटी गृहस्थाचं तोंड पुसलं जातं. कागदावरचा पोपट बरा, सांगाल तेव्हा झेपावतो. माझ्याकडे जुन्या कॅसेटी. त्या एकामागे एक उभ्या करायला निम्मी दुपार जाते, आणि तेवढ्यात कुणीतरी पंखा लावतं. (मे महिन्यात पंखा बंद ठेवायला सांगणारा माणूस घरात फार दिवस लाडका राहत नाही.) म्हणून मधेमधे मुद्दाम जागा सोडायची आणि त्या जागांवरच्या कॅसेटी अगदी शेवटी ठेवायच्या, म्हणजे पडली तर निदान सगळी रांग जात नाही.

पण खरी गोची बटणाची. अमेरिकेत भिंतीवरचं बटण वर केलं की दिवा लागतो. म्हणजे तिथे त्यावर वरून वजन पाडा, अंधार! आपल्याकडे खाली चालू, वर बंद. न्यूटनचं सगळं शास्त्र आमच्या घरात फक्त दिवे लावायच्या कामाचं.

मग बोर्डाखाली टेबल, टेबलावर स्टूल, स्टुलावर लाटणं, लाटण्यावर लाकडी फूटपट्टी. कॅसेटींनी गोटी ढकलायची, गोटीनं फळीच्या कडेवरचा बत्ता पाडायचा, बत्ता पट्टीच्या एका टोकावर, दुसरं टोक उसळून बटणाला खालून टोला.

"अहो, बटण दोन पावलांवर आहे," बायको म्हणाली. लाटणं गेल्यामुळे ती पोळ्या बाटलीनं लाटत होती, त्यामुळे मी वाद घातला नाही.

आणि काल रात्री जमलं! कॅसेटी धडाधड, गोटी सुसाट, बत्ता धप्प, अंधार. मी अंथरुणात एकटाच टाळ्या वाजवल्या.

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "अरे, काय पडलं? दिवा लाव, मला पाणी प्यायचंय. आणि हातानं लाव."