शाळा वाढतेय? विरोध करा, पण बेताने

तुमच्या गल्लीतली शाळा आता मागच्या मैदानावर सहा मजली इमारत चढवणार असं कळलं की सगळ्यात आधी दचकायचं. म्हणजे गेली पाच वर्षं रोज सकाळी सव्वासातला तुमच्या गेटसमोर स्कूलबसची रांग लागते, गच्चीवर पत्रे टाकून वर्ग भरतात, हे तुम्हाला दिसलंच नव्हतं, थेट कोपऱ्यावरच्या आंब्याला चिकटवलेली वृक्षतोडीची नोटीस बघितली तेव्हाच उजेड पडला, असं. नोटीशीचा फोटो काढायचा आणि तोही असा की हरकत कुठे आणि कधीपर्यंत द्यायची ती ओळ नेमकी कापली गेली पाहिजे. मग सोसायटीच्या ग्रुपवर टाकून वर लिहायचं, "हे काय चाललंय???" बास. आज तुमचं नागरिक म्हणून कर्तव्य झालं, आता चहा घ्या.

आम्ही पुण्यातले कोथरूडकर यात तरबेज आहोत म्हणून हक्काने सांगतोय.

आंबा पन्नास वर्षांपेक्षा जुना असेल तर अजिबात कुणाला सांगू नका. २०२१ मध्ये राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात बदल होऊन पन्नास किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज ट्रीचा दर्जा आलाय, म्हणजे ते तोडणं जरा अवघड झालंय, आणि समजा झाड वाचलं तर पुढे ग्रुपवर हळहळायचं कशावर? त्यापेक्षा आंब्याखाली आपण लहानपणी कसे खेळायचो यावर चार परिच्छेद लिहा. तुमचं लहानपण साताऱ्यात गेलं असलं तरी चालेल.

आता मैदान. डीपीमध्ये, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, त्या प्लॉटवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे, ते बदलायचं तर १९६६च्या नगररचना कायद्यातल्या कलम ३७ खाली फेरबदलाची नोटीस निघते आणि हरकती-सूचनांना एक महिना मिळतो. एक महिना म्हणजे भरपूर वेळ, घाई करू नका. पहिला आठवडा फॉरवर्डमध्ये घालवा, दुसऱ्या आठवड्यात मीटिंग कधी घ्यायची यावर पोल टाका, तिसऱ्यात मीटिंग घ्या आणि त्यात लिफ्टच्या देखभालीच्या करारावर भांडा, चौथ्यात बहुतेक सगळे महाबळेश्वरला जातात. नगरसेवकाला गाठा असं कुणीतरी म्हणेलच, त्याला आठवण करून द्या की मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली ती संपली आणि पुढे कित्येक वर्षं इथे प्रशासकच होते, तेव्हापासून आपल्याला साहेबांना फोन करायची सवयच मोडलीय.

शाळा शहाणी असेल तर 'रहिवाशांशी संवाद' ठेवते. याला जायचंच, बटाटेवडा गरम असतो. स्क्रीनवर थ्रीडी चित्र दाखवतील ते नीट बघा, कारण आमच्या वेळच्या चित्रात सहा मजली काचेची इमारत होती, भोवती ताडासारखी कसलीतरी झाडं, रस्त्यावर एकच सायकल आणि फुगा घेतलेली एक गोरी मुलगी, बस एकही नाही, रिक्षा नाही, आणि जिथे आमची बिल्डिंग आहे तिथे चक्क लॉन. मी हात वर करणार होतो की अहो आम्ही गेलो कुठे, पण तेवढ्यात बी विंगच्या काकांनी उभं राहून अख्ख्या गल्लीच्या मनातला प्रश्न विचारला, "स्विमिंग पूल संध्याकाळी रहिवाशांना मिळेल का?" टाळ्या पडल्या. बस किती वाढणार, त्या आत वळणार की रस्त्यावरच थांबणार, आग लागली तर बंब कुठून येणार, असले रुक्ष प्रश्न विचारून माहोल घालवू नका.

आवाजाबद्दल तर बोलूच नका. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शाळेच्या भोवतीचा शंभर मीटरचा भाग सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि केलाच तर तिथे आवाज करायला बंदी तुम्हाला आहे, गॅदरिंगच्या आधीचे दहा दिवस "हॅलो माइक टेस्टिंग वन टू थ्री" ऐकणं हा तुमचा सांस्कृतिक लाभ समजायचा.

एक मुद्दा मात्र मीटिंगमध्ये हळू आवाजात काढायचा असतो, 'बाहेरची गर्दी'. याचा अर्थ सगळ्यांना कळतो. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांमधून मागच्या वस्तीतली पोरं येणार, ती बिचारी दप्तर पाठीला लावून चालत येतात आणि एक इंचही पार्किंग घेत नाहीत, पण गर्दी तीच. सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट देऊन टाकली होती, तेव्हा आमच्या ग्रुपवर किती अंगठे पडले होते म्हणून सांगू, जुलैत हायकोर्टाने ते रद्द केलं तेव्हा ग्रुप एकदम गुड मॉर्निंगवर आला. बाकी बाणेरहून एका पोरासाठी एक अशी येणारी एसयूव्ही म्हणजे गर्दी नव्हे हं, ते पालक.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे चुकूनही करायचं नाही ते. साध्या कागदावर नाव, पत्ता, हरकत काय आणि का, हे लिहायचं, दोन प्रती काढायच्या, नोटिशीत दिलेल्या ऑफिसात आवक खिडकीवर जाऊन एक द्यायची आणि दुसरीवर तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. वकील लागत नाही, सुनावणीला तुम्हाला बोलावतात, म्हणणं रेकॉर्डवर येतं. इतकं सोपं आहे म्हणूनच त्यात मजा नाही. ग्रुपवर कसं, लगेच निळी टिक येते.

मी गेलो होतो शेवटच्या दिवशी, मूर्खपणा म्हणा. खिडकीवरच्या बाईंनी डबा बाजूला सरकवून शिक्का मारला आणि मी सहज विचारलं, या विषयावर किती आल्यात हो? आमच्या ग्रुपवर दोनशे चौदा मेंबर आहेत, त्यातले किमान शंभर आंब्यासाठी रडले होते. बाईंनी फाइल उघडून तीन कागद मोजले. एक माझा, एक पलीकडच्या गल्लीतल्या रिटायर्ड मास्तरांचा, सुंदर अक्षर. तिसरा म्हणजे हरकत नव्हतीच, विस्ताराला मनःपूर्वक पाठिंब्याचं पत्र होतं, आमच्याच सोसायटीच्या लेटरहेडवर, खाली बी विंगच्या काकांची लफ्फेदार सही.

काकांचा नातू जूनपासून ज्युनिअर केजीला जातो. सोडायला काकाच येतात, गाडी आंब्याच्या बुंध्याला लावतात. आता उतरताना ऊन लागतं त्यांना.