हार्डींच्या आधी रामानुजन भारतातच छापले गेले होते

माझी भाची नववीत आहे. २२ डिसेंबरच्या गणित दिनासाठी बसवलेलं भाषण तिने मला फोनवर म्हणून दाखवलं. सुरुवातच अशी: "भारतात रामानुजनना कुणी ओळखलं नाही. त्यांचं पहिलं संशोधन इंग्लंडमध्ये छापलं गेलं. आपल्याकडे गणिताची संस्थासुद्धा इंग्रजांनी काढली." कुठून आणलंस म्हणून विचारलं, तर आमच्याच घरच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड. तोच दर डिसेंबरला फिरतो. आता पोरांच्या तोंडी जायला लागला म्हणून लिहितोय.

संस्था इंग्रजांनी काढली, हे साफ खोटं. १९०६ च्या नाताळात व्ही. रामस्वामी अय्यर नावाच्या डेप्युटी कलेक्टरने आंध्रातल्या गुत्तीहून ओळखीच्या गणितप्रेमींना पत्रं धाडली. परदेशी पुस्तकं आणि नियतकालिकं एकट्यादुकट्याला परवडत नाहीत, वर्गणी काढून घेऊ आणि आपसात फिरवू, एवढी साधी कल्पना. त्यातून एप्रिल १९०७ मध्ये 'अ‍ॅनालिटिक क्लब' उभा राहिला, तोच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाला. या सोसायटीचं ग्रंथालय होतं पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजमध्ये, जिथे रँग्लर परांजपे प्राचार्य होते. पुण्यातल्या माणसाने तरी हा फॉरवर्ड पुढे ढकलू नये. इंग्रज प्राध्यापक सभासद होते, काही अध्यक्षही झाले. पण संस्था काढली ती त्यांनी नव्हे.

आता "पहिलं संशोधन इंग्लंडमध्ये छापलं". मला सगळ्यात जास्त चीड याची येते, कारण १९११ चा सोसायटीच्या जर्नलचा तिसरा खंड उघडला की विषय संपतो. बर्नुली संख्यांवरचा रामानुजन यांचा पहिला लेख त्यात आहे. केंब्रिजचे गणिती हार्डी, ज्यांनी पुढे रामानुजनना इंग्लंडला बोलावलं, त्यांना रामानुजन यांचं पत्र गेलं ते जानेवारी १९१३ मध्ये. त्याच खंडात वाचकांसाठी घातलेला त्यांचा २८९ क्रमांकाचा प्रश्न आहे: १ अधिक २ गुणिले (१ अधिक ३ गुणिले (१ अधिक ४ गुणिले…चं वर्गमूळ) चं वर्गमूळ), या सगळ्याचं वर्गमूळ किती? शेवटच नाही त्याला.

भाचीला म्हटलं, वही घे. ३ म्हणजे ९ चं वर्गमूळ. ९ म्हणजे १ + २ × ४. आता त्या ४ ला १६ चं वर्गमूळ म्हण. १६ म्हणजे १ + ३ × ५. पुढचा ५ तिने स्वतःच सोडवला: २५ म्हणजे १ + ४ × ६. उत्तर ३. त्या काळी जर्नलचे पुढचे तीन अंक निघाले तरी कुणा वाचकाचं उत्तर आलं नाही, शेवटी रामानुजननीच दिलं. असे पन्नासहून जास्त प्रश्न त्यांनी या जर्नलमध्ये घातले.

"कुणी ओळखलं नाही" यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. त्या कामाची पुरती खोली जोखणारा माणूस इथे नव्हता, तो हार्डींच्या रूपाने केंब्रिजमध्ये भेटला. पण तोवर त्यांना जगवलं कुणी? १९१० मध्ये ते आपल्या गणिताच्या वह्या घेऊन तमिळनाडूतल्या तिरुकोविलूरला रामस्वामी अय्यरांकडे कारकुनी मागायला गेले. वह्या पाहून अय्यरांनी ठरवलं, या बुद्धीला महसूल खात्याच्या खालच्या पायरीवर गाडायचं नाही. आणि मद्रासच्या आपल्या गणिती मित्रांकडे पाठवलं. तिथून ते नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोचले. रावांनी महिना २५ रुपये स्वतःच्या खिशातून दिले. पुढे मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये, म्हणजे बंदराच्या कचेरीत, कारकुनी मिळाली, तिथले वरिष्ठ नारायण अय्यर हेही सोसायटीचेच.

"गणितात नापास" हा फॉरवर्डमधला शेवटचा मुद्दा. एफ.ए.ला, म्हणजे कॉलेजच्या तेव्हाच्या पहिल्या परीक्षेला, ते नापास झाले, पण गणितात नव्हे, बाकीच्या विषयांत. कुंभकोणमच्या कॉलेजची शिष्यवृत्तीही इंग्रजीपायी गेली.

भाचीने पहिली तीन वाक्यं खोडलीत. आता भाषण २८९ व्या प्रश्नाने सुरू होतं, आणि तो ती फळ्यावर सोडवून दाखवणार आहे.