२१ मोदक ठीक, पण २१ दिवस?

आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात गेले दोन महिने एक जुनाच मजकूर पुन्हा फिरतोय. आधी भाच्याने पाठवला, मग जावेने, मग ज्यांना मी आयुष्यात एकदाच, कुणाच्या तरी बारशाला भेटले होते अशा एका काकांनी. मजकूर थोडक्यात असा: "विज्ञानाने सिद्ध झालंय, कोणतीही सवय २१ दिवसांत लागते. पहाटे ५ ला उठा, गार पाण्याने अंघोळ करा, ४५ मिनिटं चाला, १० पानं वाचा, गोड बंद. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. ज्याला हे जमत नाही त्याच्याकडे इच्छाशक्तीच नाही." खाली उगवता सूर्य आणि एक सिंह.

सिंहाबद्दल माझी तक्रार नाही. बाकीच्याबद्दल आहे, कारण गेल्या वर्षी हे आव्हान मी तीनदा घेतलं. पहिल्यांदा नवव्या दिवशी मोडलं, दुसऱ्यांदा अकराव्या आणि तिसऱ्यांदा चौथ्याच. त्यानंतर चार महिने मी चालायला म्हणून घराबाहेर पाऊल टाकलं नाही. त्याआधी आठवड्यातून तीन-चारदा तरी मालवणातल्या चिवल्याच्या किनाऱ्यावर जात होते, तेही गेलं.

आधी तो २१ आला कुठून ते बघू. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. नाक सरळ केल्यावर आरशातला नवा चेहरा माणसाला आपला वाटायला, किंवा हात-पाय कापावा लागलेल्याला तो नसल्याचं अंगवळणी पडायला, साधारण किमान २१ दिवस जातात असं त्यांना दिसलं. १९६० च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ते लिहिलं. तो प्रयोग नव्हता, एका डॉक्टरचं निरीक्षण होतं. शिवाय ते 'किमान' म्हणाले होते. बंदरावरून निघालेल्या टोपलीतले चार बांगडे बाजारात पोचेपर्यंत कमी होतात, तसा तो 'किमान' वाटेतच गायब झाला. आणि नव्या नाकाची सवय होणं वेगळं, रोज चालायला जाणं वेगळं. नाकासाठी काही करावं लागत नाही, ते चेहऱ्यावरच असतं.

सवय लागायला किती दिवस जातात हे खरोखर मोजलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ९६ जणांनी प्रत्येकी एकच गोष्ट निवडली. कुणी नाश्त्यानंतर एक ग्लास पाणी, कुणी दुपारच्या जेवणासोबत एक फळ, कुणी रात्रीच्या जेवणाआधी १५ मिनिटं धावणं. १२ आठवडे रोज नोंद ठेवली. ती गोष्ट विचार न करता आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस, पण माणसामाणसात फरक केवढा! कुणाला १८ दिवस, तर कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. पाण्याची सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. आमच्या मजकुरात पाचही गोष्टींना एकच आकडा, आणि त्या पाचही एकदम सुरू करायच्या.

'एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून' ह्या वाक्याने माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं, म्हणून त्यावर जरा थांबते. हे वाक्य माल्ट्झचं नाही. ते बहुधा अमेरिकेतल्या अँडी फ्रिसेला यांनी २०१९ मध्ये काढलेल्या ७५ दिवसांच्या आव्हानातून आलंय. ४५ मिनिटांचा व्यायाम आणि १० पानंही तिथलीच. (तिथे व्यायाम दिवसातून दोनदा आहे, आमच्यावर कुणीतरी दया केली.) म्हणजे रायवळाच्या रोपावर हापूसची काडी बांधावी तसं कुणीतरी जुन्या २१ वर नवे ७५ बांधलेत, आणि वर चिठ्ठी लावली 'विज्ञान'.

माझा नववा दिवस म्हणजे हरतालिकेचा. आदल्या रात्री दोन वाजता चाकरमानी कुडाळला उतरले, घरात एकदम १७ माणसं. मी सातला उठले. झालं, मजकुराच्या हिशेबाने आठ दिवस पाण्यात. दुसऱ्या दिवशी चतुर्थी, गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटवी सजलेली, पुढ्यात उकडीचे मोदक, आणि गोड बंद! आमच्याकडे २१ हा आकडा मोदकांचा असतो, तो मी पाळला. मला वाईट मोदक खाल्ल्याचं वाटलं नाही. पुन्हा 'दिवस पहिला' लिहिताना वाटलं. लॅलींच्या नोंदींत दिसतं ते उलटंच आहे: एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. सवय म्हणजे दूध नव्हे, लिंबाचा एक थेंब पडला की नासायला. नासतो तो हुरूप, आणि तो नासवण्याची सोय ह्या नियमातच करून ठेवलीय.

आता पहाटेचे पाच. आमच्या शेजारच्या काकी गेली ४० वर्षं खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जातात. त्यांच्या शिस्तीबद्दल वाडीत कुणी ब्र काढणार नाही. पण त्या रोज एकाच वेळी कधीच जात नाहीत, कारण भरती-सुकती (सुकती म्हणजे ओहोटी) रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. त्यांचा हिशेब तिथीचा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि त्यानंतर सहाएक तासांनी सुकती. मी त्यांना पाचचा नियम सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "दर्याक घड्याळ कळता काय गो?" मजकुराच्या मापाने त्या रोज नापास. सवय घड्याळाला बांधावी लागत नाही, ती कशाला तरी बांधावी लागते एवढंच. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये हेच मांडलं: 'अमुक झालं की तमुक करेन' असं आधीच ठरवलेलं काम नुसत्या निश्चयापेक्षा जास्त पार पडतं. लंडनच्या त्या ९६ जणांनीही पाच वाजता पाणी प्यायचं ठरवलं नव्हतं, 'नाश्ता झाल्यावर' ठरवलं होतं.

आणि जुलैत मालवणात पहाटे पाचला, वीज गेलेली असताना, पाखाडीच्या पायऱ्यांवर विषारी फुरसं बसलेलं असण्याच्या दिवसांत ४५ मिनिटं चालून यायला सांगणाऱ्याने एकदा स्वतः येऊन दाखवावं.

गार पाण्याच्या अंघोळीवर बोलत नाही. थंडीत पहाटे आमच्या विहिरीचं पाणी कोमटच लागतं. १० पानं वाचायला तर माझी हरकतच नाही, २० वाचा.

राहिली इच्छाशक्ती. ती वापरली की थकते आणि कमावली की वाढते, स्नायूसारखी, असं सांगतात. १९९८ मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. समोर ताजी चॉकलेट बिस्किटं ठेवून काहींना फक्त मुळे खायला लावले. मुळेवाल्यांनी नंतर दिलेलं कोडं लवकर सोडून दिलं. त्यावर पुढे केवढा डोलारा उभा राहिला! २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर लोकांवर हा परिणाम वेगळ्या कामातून पुन्हा तपासला, तर तो जवळजवळ शून्य निघाला. त्याआधी २०१२ मध्ये जर्मनीतल्या वुर्झबुर्गला २०५ जणांना आठवडाभर, दिवसातून अनेकदा विचारलं होतं की आत्ता कसला मोह होतोय. ज्यांचा स्वतःवर ताबा जास्त, ते मोहाशी जास्त झगडत नव्हते. त्यांच्यावर झगडायची वेळच कमी येत होती.

हे मला रापणीवरून, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्यावरून, आधीच कळायला हवं होतं. दोरी ओढायला कुणी इच्छाशक्ती घेऊन येत नाही. हाक आली की यायचं, वाटा असतो, आणि नाही आलात तर किनाऱ्यावरच्या सगळ्यांना दिसतं. एकट्याने, बंद खोलीत, सिंहाचं चित्र बघून रापण ओढून दाखवा.

माझं आताचं सांगते. चपला तुळशीपाशी ठेवल्यात. सकाळी तुळशीला पाणी घातलं की तांब्या तिथेच ठेवायचा आणि निघायचं, मग सहा वाजलेले असोत की आठ. पावसात पडवीतल्या पडवीत फेऱ्या. दिवस मोजत नाही. मागच्या आठवड्यात भाच्याचा साखरपुडा होता, दोन दिवस बुडाले. तिसऱ्या दिवशी पाणी घातलं आणि पाय आपणहून चपलांत गेले. गडग्यापलीकडून काकी म्हणाल्या, "खय चललंस? आज मोठी सुकती आसा, येतंस तर ये." गेले. ४५ मिनिटं झाली की नाही कोण जाणे, परत आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि पिशवीत तिसऱ्या.