मायची शुगर आणि ७२ चा दुष्काळ

आज मायला घेऊन जळगावला दवाखान्यात गेलो होतो, डोकं अजून तापलेलंच आहे. रिपोर्ट बघून समोरचा डॉक्टर दोन मिनिटांत मोकळा, "तुमच्या जीन्समधेच आहे, खानदानी शुगर, वरून गोड खाता." झालं. माय मान खाली घालून बसली, चोरी पकडल्यासारखी.

चहात साखर जास्त घेते ती, मान्य. पण खानदानी कसली? आजीला आजपण शुगर नाही!

माय १९७३ ची. तेव्हा पारोळ्याकडे आजी दुष्काळी कामावर खडी फोडत होती, खायला लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, नाहीतर सुकडी. आजी अजून मायला सांगते, "पोटमा तू व्हती नि हातमा हातोडा."

अरे जीन म्हणजे काय कपाळावरचा शिक्का आहे का? तोच जीन कधी जोरात चालतो कधी दबून बसतो, आणि ते खाणं, ऊन, झोप, कष्ट यावर ठरतं. उन्हानं अंग तापलं की पेशी हीट शॉक प्रोटीनचे जीन चालू करतात, बिघडायला लागलेली बाकीची प्रोटीनं सावरायला. हे तात्पुरतं. पण उपाशी आईच्या पोटातल्या खुणा राहतात. हॉलंडमधे १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवलं, लोकांनी ट्यूलिपचे कांदे खाल्ले, त्या दिवसांत पोटात राहिलेल्यांचं रक्त साठ वर्षांनी तपासलं तर आयजीएफ-२ नावाच्या, वाढीशी संबंधित जीनवरच्या मिथाइलच्या खुणा, म्हणजे जीन किती चालायचा हे ठरवायला त्याला चिकटणारे रासायनिक ठिपके, त्यांच्याच भावंडांपेक्षा कमी. जीन तोच, खुणा वेगळ्या! आणि त्या उपासमारीतल्या बाळांचं शरीर मोठेपणी साखर आवरायला कमी पडतं हेपण दिसलं. लांब कशाला, पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनी, शुगरवर संशोधन करणारे ते, दाखवलंय की आपल्याकडची बाळं जेमतेम २.७ किलोची, अंगात मांस कमी पण चरबी टिकवून. कमी मिळणार म्हणून तयार झालेलं शरीर, आणि नंतर त्याच्यापुढे रेशनची साखर नि बसून काम.

मायचं असंच झालं हे कुणी सिद्ध नाही करू शकत, ठीक आहे. पण मग "खानदानी" तरी कुठं सिद्ध केलं त्यानं? एकदा विचारायचं तरी, बाई जन्म कधीचा, तुमच्या आईनं तेव्हा काय खाल्लं.

येताना एसटीत हे सगळं मायला सांगितलं. रोज चाललं की स्नायूंमधे साखर आत ओढणारं प्रोटीन वाढतं, त्याचा जीनपण जागा होतो, उद्यापासून सोबत चालू म्हटलं. हो म्हणाली. मग एरंडोल जाईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली, आणि हळूच म्हणाली, "हे आजीला नको सांगू. तिला वाटेल तिच्यामुळे झालं."